फासे तेच, गोष्ट वेगळी: हलक्या नियमांचे रोलप्लेइंग खेळ रंग कसे बदलतात

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ २०२४ मध्ये पन्नास वर्षांचा झाला. त्याच वर्षी आलेलं त्याचं खेळाडूंसाठीचं नवं नियमपुस्तक ३८४ पानांचं आहे, आणि तीन मुख्य पुस्तकांतलं ते फक्त एक. याच्या अगदी दुसऱ्या टोकाला जॉन हार्पर यांचा ‘लेझर्स अँड फीलिंग्ज’ हा २०१३ मधला खेळ. त्याचे सगळे नियम एका पानावर मावतात. खेळ अवकाशयानाचा आहे, पण तेच पान पुढ्यात ठेवून लोकांनी वेगवेगळ्या तऱ्हेच्या गोष्टींचे कितीतरी खेळ बेतले.

नवखा माणूस इथेच अडतो. एवढी पानं लागणारी गोष्ट एका पानात कशी बसते? आणि बसलीच, तर अवकाशयानासाठी लिहिलेलं पान भयकथेला कसं चालतं? नुसती नावं बदलली की झालं? बरेच जण खरोखर नावंच बदलतात, आणि मग खेळ बेचव का झाला म्हणून डोकं खाजवत बसतात.

मुळात हा खेळ असतो काय

चार-पाच जण टेबलाभोवती बसतात. त्यातला एक सूत्रधार. खेळणारे त्याला ‘जीएम’ म्हणतात. बाकीचे प्रत्येकी एक पात्र घेतात. सूत्रधार प्रसंग सांगतो, खेळाडू आपलं पात्र काय करतं ते सांगतात, आणि पुढे काय होईल याची खरोखर शंका असेल तिथे फासे पडतात. बोर्ड लागतोच असं नाही. बहुतेक वेळा कुणी जिंकत नाही की हरत नाही. दोन-तीन तास बोलून सगळ्यांनी मिळून एक गोष्ट रचलेली असते, आणि ती कशी संपणार हे बसताना कुणालाच माहीत नसतं.

फासे कधी टाकायचे, किती आले तर काय, पात्राच्या कागदावर कोणते आकडे असतात, या सगळ्या नियमांना मिळून सिस्टिम म्हणतात. नियम मोजकेच असतील तर ती हलकी सिस्टिम. दुसऱ्याची सिस्टिम आपल्या गोष्टीसाठी बेतून घेतली की तो झाला हॅक. एवढे शब्द पुरे.

सिस्टिमकडे चाळणीसारखं पाहावं. टेबलावर शंभर गोष्टी बोलल्या जातात. त्यातल्या बहुतेक चाळणीतून सरळ खाली जातात: दार उघडलं, जिना चढलो, म्हाताऱ्याशी दोन शब्द बोललो. काही मोजक्याच वर अडकतात, आणि जे अडकतं त्यासाठीच फासे पडतात. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा १९७४ मधला खेळ सोंगट्यांच्या युद्धखेळांतून निघाला, त्यामुळे त्याच्या चाळणीत लढाई अडकायची: वार, चिलखत, अंतर, जखम. दरबारी कारस्थानाच्या गोष्टीत तलवारीचा वार खुशाल खाली जाऊ द्यावा, पण भर सभेतला अपमान वर अडकलाच पाहिजे. प्रेमकथेत न पाठवलेलं पत्र अडकलं पाहिजे. म्हणजे कथाप्रकार बदलताना पहिला प्रश्न शस्त्रांच्या यादीचा नसतो, ‘आपण फासे कशासाठी उचलणार आहोत?’ हा असतो.

थोडं गणित, कारण सूर तिथेही लपलेला असतो

हलक्या सिस्टिममध्ये सर्वात जास्त नकलला गेलेला साचा व्हिन्सेंट बेकर यांच्या ‘अपोकॅलिप्स वर्ल्ड’मधला आहे. साल २०१०. नेहमीचे दोन फासे टाका, त्यांच्या बेरजेत पात्राचा गुण, म्हणजे त्या कामात ते किती तरबेज आहे तो आकडा, मिळवा. दहा किंवा जास्त आले तर हवं ते मिळालं. सात ते नऊ आले तर मिळालं, पण काहीतरी मोजावं लागलं. सहा किंवा कमी आले तर आता सूत्रधाराची पाळी.

दोन फाशांच्या एकूण ३६ जोड्या होतात. गुण शून्य असेल तर त्यातल्या ६ जोड्यांवर निर्भेळ यश, १५ वर ‘मिळालं, पण’ आणि १५ वर फजिती. गुण एक असेल तर हेच आकडे १०, १६, १० होतात. गुण दोन असेल तर १५, १५, ६. मधला भाग जवळपास तेवढाच राहतो, बदलतात ती दोन टोकं. शून्यावरून दोनवर गेलं की फजितीची शक्यता सुमारे ४२ टक्क्यांवरून १७ टक्क्यांवर येते.

हे एवढं उलगडून सांगितलं, कारण फक्त या एका आकड्यावर सूर कुठल्या कुठे जातो. सगळ्यांना त्यांच्या मुख्य कामात दोन गुण देऊन बसवलं तर टेबलावर शूरवीर बसतात. ते भिंतीवरून उड्या मारतात आणि बहुतेक वेळा तरून जातात. त्याच माणसांना शून्यावर बसवलं तर तीच भिंत बघून ते आधी दोरी शोधतात. नियमाचा एक शब्दही बदललेला नसतो.

फाशाची जातही महत्त्वाची. वीस बाजूंचा एकच फासा टाकला तर एकपासून वीसपर्यंत प्रत्येक आकड्याची शक्यता सारखीच, पाच टक्के. म्हणजे कसलेला योद्धाही पायात पाय अडकून पडतो आणि नवशिक्या राक्षस मारतो. जिथे दोन-तीन फाशांची बेरीज होते तिथे मधले आकडे जास्त येतात आणि निपुण माणूस निपुण वाटतो. म्हणून माझ्या मते धमाल विनोदाला एकच फासा बरा आणि थंड डोक्याच्या चोरीच्या गोष्टीला बेरीज बरी. यावर वाद घालणारे भेटतील. घालू द्या.

आठ आले. आता काय?

सूर खरा ठरतो तो ‘मिळालं, पण’ या मधल्या पट्ट्यात. एक प्रसंग जवळून बघू.

खेळाडू म्हणते, “मी भिंतीवर चढते आणि आत उडी मारते.” फासे पडतात: चार आणि तीन. गुण एक. झाले आठ. ती आत पोचणार हे नक्की. किंमत काय, ते सूत्रधाराने सांगायचं.

साहसकथेचा सूत्रधार म्हणतो: “उतरलीस. पण पाय कंदिलाला लागला. गवताने पेट घेतलाय आणि उजवीकडून दोन पहारेकरी धावत येतायत. काय करतेस?”

भयकथेचा म्हणतो: “उतरलीस. माती ओली आहे, पाऊस तर नाही. मागे वळून बघतेस तर ज्या खाचेत पाय ठेवून चढलीस ती खाच भिंतीत नाही.”

विनोदी गोष्टीचा म्हणतो: “उतरलीस, थेट मेजवानीच्या मधोमध. सगळे टाळ्या वाजवतायत. त्यांनी जादूगार बोलावली होती, ती तूच असं त्यांना वाटतंय. एक मुलगा तुझ्यासमोर टोपी धरून उभा आहे.”

आणि कौटुंबिक नाट्याचा: “उतरलीस. वरच्या खिडकीत तुझी बहीण उभी आहे. तिने तुला पाहिलंय. ती ओरडत नाही.”

फासे तेच, भिंत तीच, यशही तेच. फरक किंमत कशात वसूल झाली याचा. साहसकथेने वेळ घेतला. भयकथेने खात्री घेतली. आता खेळाडूला स्वतःच्या डोळ्यांवर भरवसा नाही. विनोदाने अब्रू मागितली आणि नाट्याने नातं पणाला लावलं. हॅक करताना आधी याचंच उत्तर कागदावर लिहून ठेवावं: या प्रकारच्या गोष्टीत माणसं काय गमावतात? ते ठरलं की बाकीचे नियम फार कुरकुर न करता मागे येतात. ते न ठरवता नुसत्या तलवारीच्या जागी लेझर लिहिली तर टेबलावर जुनीच गोष्ट नवे कपडे घालून बसते.

ब्रेंडन कॉनवे यांच्या ‘मास्क्स’मध्ये हे अगदी नियमातच बांधलंय. खेळ किशोरवयीन सुपरहिरोंचा, पाया वर सांगितलेलाच. मार खाल्ला की इथे प्राणांचे गुण कमी होत नाहीत, मनाच्या पाच अवस्थांपैकी एकीवर खूण होते: भीती, राग, अपराधीपणा, हताशा, असुरक्षितता. भीतीवर खूण असेल तर धोक्याला समोरासमोर भिडताना वजा दोन. रागावर असेल तर कुणाला धीर देताना वजा दोन. इमारती कोसळत असतात, आणि खेळ मात्र सोळा वर्षांच्या पोराच्या मनात काय चाललंय त्याचाच राहतो. दोन ओळींचा नियम आहे हा.

दोन शब्दांत अख्खा कथाप्रकार

आता ते एक पान. ‘लेझर्स अँड फीलिंग्ज’मध्ये पात्राला आकडा एकच, दोन ते पाचमधला. तर्काचं, यंत्राचं काम असेल तर सहा बाजूंच्या फाशावर त्या आकड्याच्या खाली यायला हवं. भावनेचं, माणसांशी जुळवण्याचं काम असेल तर वर. तयारी केली असेल, त्या कामात मुरलेले असाल, तर फासे वाढतात. नेमका तोच आकडा आला तर काम होतंच, शिवाय सूत्रधाराला एक प्रश्न विचारता येतो आणि त्याने खरं उत्तर द्यायचं.

समजा आकडा चार. एका फाशावर यंत्रात यश सहापैकी तीन वेळा, माणसांत दोन वेळा, आणि एकदा तो खास क्षण. आकडा पाच केला की यंत्रात चार, माणसांत एक. म्हणजे एकात हुशार व्हायचं तर दुसऱ्यात मार खाणं आलंच.

हॅक करणारे यातले दोन शब्द बदलतात. काम सोपं दिसतं, आणि बहुतेक हॅक इथेच फसतात. ‘तलवार आणि जादू’ अशी जोडी घेतली तर ती दोन हत्यारं झाली. एक चालेना तर दुसरं उचललं. त्यात ओढाताण नाही. जोडी अशी हवी की एकाच माणसाला दोन्ही हवंसं वाटावं आणि दोन्ही एकदम मिळू नये. युद्धकथेला ‘कर्तव्य आणि जीव’. घराण्यांच्या भांडणातल्या प्रेमकथेला ‘मान आणि मन’. हेरकथेला ‘सोंग आणि सत्य’. जोडी बरोबर जमली का हे तपासायची एक युक्ती: खेळाडू आकडा निवडताना क्षणभर थांबला पाहिजे. पटकन निवडला तर शब्द पुन्हा शोधा.

एक आकडा, जो फक्त सरकतो

दुसरा हुकमी उपाय म्हणजे सिस्टिमला एकच नवा आकडा जोडणं. इतिहासातलं ठळक उदाहरण सँडी पीटरसन यांच्या ‘कॉल ऑफ कथुलू’चं. केऑसियम या प्रकाशनाकडे १९७८ च्या ‘रूनक्वेस्ट’पासून टक्केवारीवर चालणारा एक सांगाडा होता, तोही शूरवीरांच्या गोष्टींतला. १९८१ मध्ये त्याच सांगाड्यावर भयकथा उभी राहिली. मोठी भर होती मनाच्या समतोलाची: भयंकर काही पाहिलं की हा आकडा घटतो, आणि सहज भरून येत नाही. कौशल्यं टक्क्यांतच मोजायची, फासे तसेच टाकायचे. पण राक्षस दिसला की पुढे धावणारा खेळाडू आता डोळे झाकून घेतो. हा खेळ तसा हलका म्हणता येणार नाही, पण धडा हलक्यांनाच जास्त उपयोगी पडला.

ग्रॅहम वॉल्म्सली यांच्या ‘कथुलू डार्क’ने तर याच्याही पुढे जाऊन लढाईचे नियमच काढून टाकले. तिथे एक सरळ ओळ आहे: समोर आलेल्या त्या प्राण्याशी लढलात तर मराल. एवढ्या एका वाक्याने टेबलावरचे सगळे पळायला, लपायला, दारं लावायला शिकतात.

हाच सरकता आकडा विनोदाला कसा जुंपायचा ते ग्रँट हॉविट यांच्या ‘हनी हाइस्ट’मध्ये दिसतं. खेळाडू अस्वलं आहेत आणि त्यांना मधाची मोठी चोरी करायची आहे. गुण दोनच, अस्वल आणि गुन्हेगार, दोन्ही तीनवर सुरू. बेत फसला की एक गुण अस्वलाकडे सरकतो, बेत जमला की गुन्हेगाराकडे. अस्वल सहावर गेलं तर शुद्ध जनावर झालात. गुन्हेगार सहावर गेला तर साथीदारांना दगा देऊन मोकळे. गंमत अशी की अपयशानेही गोष्ट रंगते आणि यशानेही. यांत्रिकदृष्ट्या पाहिलं तर मनाचा समतोल ढळणं आणि अस्वल होणं यांत फारसं अंतर नाही. एकाला आपण घाबरतो, दुसऱ्याला हसतो.

सरकता आकडा कागदावरच असावा असंही नाही. ‘ड्रेड’ या भयखेळात फासेच नाहीत. लाकडी ठोकळ्यांचा मनोरा असतो. अवघड काम करायचं तर त्यातला एक ठोकळा ओढून वर ठेवायचा. ज्याच्या हातून मनोरा पडला त्याचं पात्र गोष्टीतून गेलं. ‘टेन कँडल्स’ दहा मेणबत्त्यांच्या उजेडात खेळतात. फासे फसले की एक विझते, आणि शेवटी कुणीच वाचणार नाही हे सगळ्यांना आधीपासून ठाऊक असतं.

“पण सूर तर खेळणाऱ्यांवरच असतो ना?”

अर्धं खरं आहे. टेबलावर एक जण सतत कोट्या करत असेल तर कुठलीही भयकथा मरते. म्हणून पहिल्या डावाआधी बसून बोलून घेण्याची पद्धत पडली आहे, तिला ‘सेशन झीरो’ म्हणतात: गोष्ट किती गंभीर, रक्तपात किती, कोणते विषय नकोत. काही टेबलांवर मधोमध ‘एक्स’ लिहिलेलं कार्ड ठेवतात. कुणीही त्याला हात लावला की तो प्रसंग कारण न विचारता बाजूला.

उरलेलं अर्धं नियमांचं. थरथरत्या मनोऱ्यातून ठोकळा ओढताना कोटी सुचत नाही. आणि नियम ज्याला बक्षीस देतात ते माणसं करतात. ‘फेट’ या सिस्टिममध्ये पात्राची ओळख एका वाक्यात लिहितात, उदाहरणार्थ ‘नाही म्हणता न येणारा डॉक्टर’. हे वाक्य अंगाशी येऊ दिलं की एक चकती मिळते, आणि ती चकती नंतर अडचणीच्या वेळी अधिक दोन म्हणून वापरता येते. मग सावध खेळाडूही हौसेने खड्ड्यात उडी घेतो, कारण उडी फायद्याची आहे. सूर बदलायचा असेल तर फक्त या वाक्यांची जात बदला. ‘कधीच खोटं न बोलणारा चोर’ लिहिलं की विनोदी, ‘भावाला मागे सोडून आलेला’ लिहिलं की गंभीर.

“नियम इतके थोडे, मग सूत्रधाराची मनमानी नाही का?”

होऊ शकते. ३८४ पानांत ज्या शंकांची उत्तरं आधीच लिहिलेली असतात त्या इथे एका माणसाच्या डोक्यावर येतात, आणि दमलेला सूत्रधार प्रत्येक वेळी पहारेकरीच धाडतो. उपाय असा की पैज फासे पडायच्या आधी बोलून दाखवायची. हार्पर यांच्याच ‘ब्लेड्स इन द डार्क’मध्ये हे सक्तीचं आहे: प्रसंग आटोक्यातला, जोखमीचा की जिवावरचा, आणि जमलं तर किती साधेल, हे सूत्रधार आधी सांगतो. पटलं नाही तर खेळाडू दुसरा मार्ग धरतो.

त्याच खेळातली आणखी एक चीज उचलण्यासारखी आहे, ती म्हणजे ‘क्लॉक’: चार, सहा किंवा आठ भागांचं वर्तुळ, सगळ्यांसमोर काढलेलं, काही बिघडलं की त्यातला भाग रंगवायचा. चोरीच्या गोष्टीत त्यावर लिहा ‘पहारा सावध’, भयकथेत ‘ते जिन्यापर्यंत आलंय’, विनोदात ‘थाप फुटणार’. सूत्रधाराचा लहरीपणा या वर्तुळाने बराच बांधला जातो.

“मग एकच हलकी सिस्टिम सगळ्याला पुरते?”

नाही. रहस्यकथा ही नेहमीची ठेच. पुरावा शोधायला फासे टाकले, कमी आले, पुरावा सापडला नाही, आणि गोष्ट तिथेच ठप्प. रॉबिन लॉज यांच्या ‘गमशू’ने सुचवलेला तोडगा असा की योग्य जागी योग्य माणूस गेला तर मुख्य धागा त्याला फाशांशिवाय मिळतोच; रंगत त्याचा अर्थ लावण्यात आहे. हा बदल कुठल्याही हलक्या सिस्टिमवर चढवता येतो, पण तो करायला हवा, आपोआप होत नाही.

डावपेचांची लढाई आवडणाऱ्यांनाही एका पानात समाधान मिळणार नाही. कोण कुठे उभा, कुणाची पोच किती, कोणती जादू उरली, याचा हिशेब हीच त्यांची मजा, आणि ती फुकटची किचकट नाही. जाड पुस्तकं त्यासाठीच जाड असतात. वर्षानुवर्षं चालणाऱ्या मोहिमेतही एक-आकडी पात्र लवकर आटतं, वाढायला जागाच नसते.

दुसऱ्याची सिस्टिम बदलणं चालतं का, हेही विचारलं जातं. घरच्या टेबलावर कोण अडवणार? छापून विकायचं असेल तर परवाना वाचा. ‘फेट कोअर’चे नियम क्रिएटिव्ह कॉमन्सखाली खुले आहेत, आणि परवान्यावरून झालेल्या मोठ्या गदारोळानंतर जानेवारी २०२३ मध्ये ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’चा मूळ नियमसंचही त्याच प्रकारच्या परवान्यावर आला.

करून बघायचं तर

नवं पुस्तक लिहायला बसू नका. सिस्टिम एक निवडा, तीन गोष्टी कागदावर लिहा: फासे कशासाठी उचलायचे, ‘मिळालं, पण’ची किंमत कशात, आणि कोणता आकडा सरकणार. ‘पण’ची सहा-सात उदाहरणं आधीच लिहून ठेवा; ऐन वेळी सुचत नाहीत, आणि सूर बिघडतो तो तिथेच. मग एकच डाव खेळा. खेळताना बाजूला दोन रकाने करा: ज्या नियमाला कुणी हातच लावला नाही तो एकीकडे, आणि जिथे सगळे “आता याला फासे टाकायचे का?” म्हणून थबकले तो प्रसंग दुसरीकडे. पहिल्या रकान्यातलं पुढच्या डावाआधी खोडून टाका. दुसऱ्यातल्या प्रत्येकासाठी एक ओळ लिहा, जास्त नको.